बंद खोलीतील खून आणि वाचकांचे तर्क

हेरकथेविषयी वाचकांनी व्यक्त केलेली मते वाङ्मयाच्या अभ्यासकाला सहसा विचारार्ह वाटत नाहीत. कथा रंगली किंवा फसली, शेवट पटला किंवा पटला नाही, खुनी आधीच ओळखू आला किंवा आला नाही, एवढ्यापलीकडे त्या मतांत काही नसते असा समज आहे. हा समज बहुतेक हेरकथांच्या बाबतीत खरा असेलही. परंतु या वाङ्मयप्रकाराची एक शाखा अशी आहे की, तिच्यात वाचकाचे मत हे कथेच्या रचनेचाच एक घटक असते. ही शाखा म्हणजे वरवर अशक्य दिसणाऱ्या खुनाची कथा. दार आतून बंद, खिडक्या बंद, आत प्रेत, आणि मारेकरी नाही, अशी परिस्थिती लेखक मांडतो तेव्हा वाचकाने काही तर्क करावा, आणि तो चुकावा, ही त्याची अपेक्षा असते. वाचकाचा तर्क चुकला नाही तर कथा फसते. म्हणून या कथांच्या संदर्भात वाचकांचे तर्क हे केवळ आवडीनिवडीचे कौल राहत नाहीत. सांगितलेल्या वाक्यातून न सांगितलेले वाचक कसे काढून घेतो, याचा तो पुरावा ठरतो. हा पुरावा ज्या एका कादंबरीच्या बाबतीत फार स्पष्टपणे उपलब्ध आहे, तिचा विचार येथे करावयाचा आहे. तिचे रहस्य सांगितल्याखेरीज हे विवेचन होऊ शकत नाही, ही गोष्ट आरंभीच नमूद केलेली बरी.

१

इझ्रायल झँगविल (१८६४–१९२६) हा इंग्रज लेखक लंडनच्या पूर्व भागातील ज्यू समाजाचा चित्रकार म्हणून प्रसिद्ध आहे. ‘चिल्ड्रेन ऑफ द घेटो’ ही १८९२ ची त्याची कादंबरी आणि ‘द मेल्टिंग पॉट’ हे १९०८ चे नाटक यांमुळे त्याचे नाव टिकले. त्याची ‘द बिग बो मिस्टरी’ ही छोटी कादंबरी मात्र १८९१ मध्ये लंडनच्या ‘स्टार’ या सायंदैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. उन्हाळ्यात संसदेचे अधिवेशन नसते, बातम्यांचा दुष्काळ पडतो, आणि वृत्तपत्रे समुद्रातील अजस्र सर्पासारख्या विषयांवर स्तंभ भरून काढतात. अशा दिवसांत संपादकाला काही नवे हवे होते. दार, खिडकी, वाट काहीच मोकळे नाही अशा खोलीत आजवर कोणत्याही कथाकाराने खून घडवलेला नाही, ही कल्पना झँगविलला बऱ्याच वर्षांपूर्वी सुचली होती, आणि तिच्यापाठोपाठ उकलही सुचली होती. त्या कल्पनेवर त्याने सुमारे पंधरवड्यात ही कादंबरी लिहून काढली.

या प्रसिद्धीच्या स्थळकाळाला महत्त्व आहे. ‘स्टार’ हे पत्र १८८८ मध्ये निघाले, आणि त्याच वर्षी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात स्त्रियांच्या खुनांची मालिका घडली. त्या खुनांचा उलगडा झाला नाही. परंतु पोलिसांकडे आणि वृत्तपत्रांकडे सामान्य नागरिकांच्या तर्कांचा पूर लोटला. खुनी कोण, त्याने काय केले असावे, त्याला कसे पकडावे, हे सांगणारी पत्रे शेकड्यांनी आली. म्हणजे छापलेली हकीगत वाचून तर्क लिहून पाठवण्याची सवय या वाचकवर्गाला प्रत्यक्ष घटनांनी लावलेली होती. झँगविलची कादंबरी चालू असताना हेच पुन्हा घडले. फरक इतकाच की या वेळी खून कल्पित होता. वाचकांनी खुनी म्हणून एकेका पात्राचे नाव सुचवणारी पत्रे धाडली, आणि ती शेकड्यांनी होती असे लेखकानेच लिहून ठेवले आहे.

२

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. डिसेंबरातील एका धुकट सकाळी बो या भागातील ग्लोव्हर स्ट्रीटवर खोल्या भाड्याने देणारी ड्रॅबडंप ही विधवा आपल्या भाडेकऱ्याला उठवू लागते. आर्थर कॉन्स्टंट हा सुखवस्तू घरातला, पण कामगारांच्या चळवळीसाठी झटणारा तरुण. दार वाजवूनही तो उठत नाही. घाबरलेली बाई समोरच राहणाऱ्या ग्रॉडमन या निवृत्त गुप्त पोलीस अधिकाऱ्याला बोलावते. दाराला आतून कुलूप आहे आणि अडसरही आहे. ग्रॉडमन खांद्याच्या धक्क्याने दार फोडतो, देवाचे नाव घेऊन ओरडतो, बाई किंकाळी फोडते. कॉन्स्टंट गळा कापलेल्या स्थितीत पलंगावर पडलेला आहे. शस्त्र खोलीत नाही, म्हणून आत्महत्या नव्हे. वाट नाही, म्हणून खूनही नव्हे. मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर या दोन्ही गोष्टी पंचांपुढे तितक्याच ठामपणे सिद्ध करतो, आणि आपल्याला काही कळत नाही असे कबूल करणारा निर्णय देण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

येथे झँगविलने एक मार्मिक गोष्ट केली आहे. बाहेरचा वाचक जे करणार होता, तेच त्याने कादंबरीच्या आत पात्रांकडून करवले आहे. कथेतील वृत्तपत्रांकडेही पत्रांचा वर्षाव होतो. कोणी पत्रलेखक एडगर ॲलन पोच्या कथेचे स्मरण देऊन सुचवतो की, एखाद्या भटक्या वादकाचे लहानसे माकड वस्तरा घेऊन धुराड्यातून उतरले असेल आणि आल्या वाटेने निघून गेले असेल. ही थट्टा आहे हे उघड आहे. परंतु तिच्यातील संदर्भ निरर्थक नाही. पोची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ (१८४१) ही या परंपरेतील आद्य कथा, आणि तिच्यातही मतांचाच एक लक्षणीय प्रसंग आहे. पॅरिसमधील बंद खोलीतून ऐकू आलेल्या एका कर्कश आवाजाविषयी साक्षीदार जबान्या देतात. फ्रेंच शिपायाला ती स्पॅनिश वाटते, डच माणसाला फ्रेंच, इंग्रजाला जर्मन, स्पॅनिश माणसाला इंग्रजी, इटालियनाला रशियन. प्रत्येकाने तो आवाज स्वतःला न येणाऱ्या भाषेच्या खाती टाकला. वस्तुतः ती भाषाच नव्हती, तो एका ओरांगउटानचा आवाज होता. भाषेच्या अभ्यासकाने हा प्रसंग अवश्य ध्यानात ठेवावा. आपण ऐकले ती भाषाच होती, एवढे प्रत्येक साक्षीदाराने न तपासता धरून चालले. मतभेद झाला तो फक्त ती कोणती, याविषयी. मते भिन्न होती, पण त्यांच्या बुडाशी असलेली चूक एकच होती.

झँगविलच्या वाचकांचेही नेमके हेच झाले. खुनी ग्रॉडमन स्वतः आहे. त्याने कॉन्स्टंटला औषधाने गाढ झोपवून ठेवले होते. दार फुटले त्या क्षणापर्यंत कॉन्स्टंट जिवंत होता. ग्रॉडमनने आधी आत शिरून क्षणार्धात त्याचा गळा कापला, आणि आपल्या ओरडण्याने, मागून येणाऱ्या बाईच्या मनात आधीच दाटलेल्या भीतीला रूप दिले. बाईने प्रेत पाहिले यात खोटे काही नाही. तिने दार फुटताना प्रेत पाहिले, असे मात्र तिला वाटले, आणि तेच तिने सांगितले.

३

या रचनेत भाषेच्या दृष्टीने काय घडले आहे हे सूक्ष्मपणे पाहिले पाहिजे. लेखकाने कोठेही असत्य विधान केलेले नाही. ग्रॉडमन ओरडला, हे खरे. बाई किंचाळली, हे खरे. दृश्य भयंकर होते, हेही खरे. विशेषतः ग्रॉडमनचे ओरडणे हा केवळ उद्गार आहे. उद्गार काही सांगत नाही, म्हणून त्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही ऐकणाऱ्याने त्या उद्गारात एक संपूर्ण विधान वाचले: ‘आत प्रेत आहे.’ हे विधान कोणी केले नव्हते. त्यामुळे त्याबद्दल कोणाला खोटे पाडताही येत नव्हते.

मराठीच्या वाक्यरचनेवरून ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ‘दार फोडले आणि तो मेला’ या वाक्यात दोन घटना एकामागून एक येतात. ‘दार फोडले, तर तो मेलेला’ या वाक्यात मात्र दुसरी घटना उरतच नाही. तिच्या जागी एक अवस्था येते, आणि ती दार फुटण्यापूर्वीपासूनची मानली जाते. येथील ‘तर’ अट दाखवणारा नव्हे. त्याला आकस्मिक प्रतीतीचा ‘तर’ म्हणता येईल. ‘पेटी उघडली, तर आत काही नाही’, ‘वर पाहिले, तर चंद्र उगवलेला’, अशा वाक्यांत तो येतो, आणि त्याच्यापुढचा मजकूर आधीपासून तसाच होता असे श्रोत्याला मानावयास लावतो. ‘मेलेला’ हे धातुसाधित विशेषण त्याला साथ देते. कोणताही मराठी माणूस ड्रॅबडंपबाईची जबानी सांगू लागला तर तो सहजच ‘तर’ची रचना वापरील. आणि ती वापरताक्षणी, दार फुटणे व मृत्यू यांचा जो क्रम कोणी पाहिलेला नाही, तो सांगितला जाईल.

याहून महत्त्वाची गोष्ट वाचकांनी स्वतःला विचारलेल्या प्रश्नात आहे. तो प्रश्न असा: ‘दार आतून बंद असताना खुनी बाहेर कसा गेला?’ ‘कसा’ या प्रश्नाचे वैशिष्ट्य असे की, क्रिया घडली की नाही हे तो विचारत नाही. ती घडली हे तो धरून चालतो. ज्या वर्षी झँगविलची कादंबरी पुस्तकरूपाने आली त्याच वर्षी, म्हणजे १८९२ मध्ये, जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोट्लोब फ्रेगे याने अर्थ आणि निर्देश यांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. केप्लर हा दैन्यावस्थेत मरण पावला, या वाक्याचे उदाहरण घेऊन त्याने दाखवले की, केप्लर नावाची व्यक्ती होती हे त्या वाक्यात सांगितलेले नसते, गृहीत धरलेले असते, आणि वाक्य नकारार्थी केले तरी ते गृहीत तसेच राहते. पुढे १९५० मध्ये पी. एफ. स्ट्रॉसन याच्या निर्देशविषयक निबंधामुळे या विचाराला चालना मिळाली, आणि गृहीतार्थ हा अर्थविचारातील एक प्रमुख विषय बनला. वाचकांच्या प्रश्नातील गृहीत असे: खुनी बंद खोलीत होता आणि तेथून बाहेर गेला. धुराडे, माकड, गुप्त वाट, ही सर्व उत्तरे परस्परांशी भांडतात. परंतु त्यांतील प्रत्येक उत्तर प्रश्नाचे गृहीत मान्य करूनच निघते. खरे उत्तर हे त्या प्रश्नाचे उत्तर नाहीच. तो प्रश्नच चुकीचा ठरवून खरे उत्तर मिळते. दार बंद होते तोवर खून झालेलाच नव्हता. म्हणून कोणी बाहेर जाण्याचा प्रसंगही आलेला नव्हता.

४

भारतीय प्रमाणशास्त्राच्या अभ्यासकाला ही सारी मांडणी परिचित वाटेल. मीमांसकांनी अर्थापत्ती हे स्वतंत्र प्रमाण मानले. दोन निश्चित गोष्टी परस्परविरुद्ध दिसू लागल्या, तर तो विरोध मिटवणारी तिसरी गोष्ट मानणे, हे तिचे स्वरूप. जिवंत असलेला देवदत्त घरात नाही, म्हणून तो घराबाहेर असला पाहिजे. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणून तो रात्री जेवत असला पाहिजे. बंद खोलीतील खुनाची कथा म्हणजे अर्थापत्तीचाच खेळ होय. खून झाला आहे, वाट नाही. या दोहोंचा मेळ घालणारे तिसरे काय, हे वाचकाने सुचवावयाचे असते. ‘असला पाहिजे’ हे क्रियारूप वाचकांच्या तर्कांचे स्वाभाविक वाहन ठरते ते याच कारणाने. ‘असावा’ या रूपात संशयाला जागा असते. ‘असला पाहिजे’ या रूपात पर्याय संपल्याचा दावा असतो.

तथापि मीमांसकांनी केलेला एक भेद येथे विशेष उपयोगी पडतो. अर्थापत्ती दोन प्रकारची असते. प्रत्यक्षादी प्रमाणांनी कळलेल्या गोष्टीवर आधारलेली ती दृष्टार्थापत्ती, आणि ऐकलेल्या शब्दांवर आधारलेली ती श्रुतार्थापत्ती. दुसरीत जे मानावे लागते ते ऐकलेले वाक्य पुरे करण्यासाठी. कुमारिलाने या भेदाचे विवेचन केले आहे. हेरकथेच्या वाचकाजवळ जे काही असते ते सर्व श्रुत असते. दार, अडसर, प्रेत, यांपैकी काहीच त्याने पाहिलेले नसते. कोणीतरी सांगितलेली वाक्ये मात्र त्याच्यापुढे असतात. चूक होते ती तो श्रुताला दृष्ट मानून चालतो तेथे. ‘खोलीत प्रेत होते’ ही त्याला वस्तुस्थिती वाटते. वस्तुतः ते एका घाबरलेल्या बाईच्या आणि एका माजी पोलिसाच्या जबानीतून आलेले वाक्य असते. विरोध वस्तूंमध्ये नसतो, दोन वाक्यांमध्ये असतो. आणि दोन वाक्यांत विरोध आला तर तिसरे वाक्य जोडण्यापूर्वी, पहिल्या दोहोंपैकी एखादे किती भक्कम आहे, हे तपासणे हा अधिक सोपा मार्ग असतो.

५

आतापर्यंत उकलीपूर्वीच्या मतांचा विचार झाला. उकल झाल्यावर व्यक्त होणारी मते निराळ्या जातीची असतात. त्यांत तर्क नसतो, निवाडा असतो. हा निवाडा बहुधा नाराजीचा असतो, याचे स्पष्टीकरण जॉन डिक्सन कार या लेखकाने आपल्या ‘द हॉलो मॅन’ (१९३५) या कादंबरीत दिले आहे. तिच्या सतराव्या प्रकरणात डॉ. फेल हे पात्र कथा थांबवून बंद खोलीतील खुनांच्या रीतींचे सरळ वर्गीकरणच करते, आणि आपण एका हेरकथेतील पात्रे आहोत हेही बेधडक मान्य करते. जादूगाराच्या खेळाची किल्ली कळली की प्रेक्षक हिरमुसतो, कारण त्याला चमत्कार हवा असतो आणि हाती लागते युक्ती. तसेच या कथांचे होते. म्हणून ‘असंभाव्य’ हा शब्द या वाङ्मयप्रकाराला दोष म्हणून लावणे व्यर्थ, असे फेलचे म्हणणे आहे. त्याच वर्गीकरणात, जिवंत माणूस मृत आहे असे भासवून दार फोडताच त्याला ठार करण्याच्या रीतीचा तो उल्लेख करतो, आणि ती प्रथम शोधून काढल्याचे श्रेय झँगविलला देतो. एडवर्ड डी. हॉक याने १९८१ मध्ये संपादित केलेल्या एका कथासंग्रहाच्या निमित्ताने सतरा रहस्यकथाकारांचा व समीक्षकांचा कौल घेण्यात आला. त्यात ‘द हॉलो मॅन’ला पहिले स्थान मिळाले. गास्तों लरू याची १९०७ मधील पिवळ्या खोलीच्या रहस्याची कादंबरी आणि झँगविलची ही कादंबरी, या दोहोंनाही त्या यादीत जागा मिळाली. ‘स्टार’च्या वाचकांनी ती वाचून तेव्हा नव्वद वर्षे लोटली होती.

परंतु झँगविलच्या वाचकांविषयीची सर्वांत बोधप्रद हकीगत ही कादंबरी संपल्यानंतरची आहे. शेवटचे प्रकरण छापून झाल्यावर त्याने ‘स्टार’ला पत्र लिहून वाचकांचे आभार मानले. त्याने लिहिले ते असे की, आरंभ करताना खुनी कोण हे आपल्यालाही ठाऊक नव्हते. पत्रांतून ज्याचे नाव येई त्या पात्राला आपण निर्दोष ठरवत गेलो, आणि शेवटी एकच पात्र शिल्लक उरल्यामुळे नाइलाजाने त्याला खुनी करावे लागले. ही शुद्ध थट्टा होती. उकल हीच या कथेची मूळ कल्पना असल्यामुळे तसे घडणे शक्यच नव्हते. तरीही त्या पत्राचा शब्दशः अर्थ घेणारे निघाले, आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत झँगविलला खुलासा करावा लागला. ज्या वाचकांनी कथेतील प्रत्येक पात्राकडे संशयाने पाहिले, त्यांच्यापैकी काहींनी लेखकाच्या सहीच्या पत्राकडे मात्र तसे पाहिले नाही. कथा ही कथा असते, म्हणून तिच्यात सावध राहावयाचे, आणि पत्र हे निवेदन असते, म्हणून त्यावर विश्वास ठेवावयाचा, असा हा संकेत. वाचक शब्दांवर विश्वास ठेवतो किंवा ठेवीत नाही तो शब्दांकडे पाहून नव्हे, तर ते कोणत्या प्रकारच्या लेखनात आले आहेत हे पाहून, असा याचा अर्थ होतो.

६

या सर्व विवेचनाला करमणुकीच्या वाङ्मयापुरते महत्त्व आहे असे मात्र नव्हे. झँगविलच्या कादंबरीत कॉन्स्टंटच्याच घरात राहणाऱ्या टॉम मॉर्टलेक या कामगारपुढाऱ्यावर आळ येतो. स्कॉटलंड यार्डचा विम्प हा अधिकारी, बंद दाराशी जुळणारी एक सुसंगत उपपत्ती रचतो. न्यायालयातील पंच, जे एका अर्थी त्या हकीगतीचे वाचकच, ती मान्य करतात, आणि मॉर्टलेकला फाशीची शिक्षा होते. एका निरपराध माणसाला मृत्यूच्या दारापर्यंत नेणारी गोष्ट म्हणजे कोणाची खोटी साक्ष नव्हे. ‘दार फोडले, तर तो मेलेला’ हे प्रामाणिकपणे सांगितलेले वाक्यच त्याला कारण होते. प्रत्यक्ष व्यवहारातही असे वाक्य रोज लिहिले जाते. आपल्याकडील पंचनाम्यात ‘सदर इसम मयत स्थितीत मिळून आला’ अशी भाषा असते. पंचांनी जे पाहिले तेवढेच नोंदवणे हा पंचनाम्याचा उद्देश. परंतु ‘मयत स्थितीत’ या दोन शब्दांत पाहिलेले किती आणि अनुमानलेले किती, पहिला माणूस आत गेला तो क्षण आणि पंच आत गेले तो क्षण यांच्यामधील काळाचे काय, हे त्या रचनेतून कळत नाही. त्या रचनेत ही फट झाकली जाते, आणि वाचणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही.

म्हणून वाचकांच्या मतांचा संग्रह व अभ्यास करावयाचा झाल्यास तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली, मत उकलीपूर्वीचे आहे की नंतरचे. या दोन्ही मतांची एकत्र गणना करणे निरर्थक आहे. दुसरी, ते कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले, आणि त्या प्रश्नात काय गृहीत धरले होते. तिसरी, भिन्न दिसणाऱ्या मतांमध्ये समान काय आहे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते, कारण अभ्यासकाचे लक्ष स्वभावतः मतभेदांकडे जाते. पोच्या पाच साक्षीदारांनी पाच भाषा सांगितल्या. त्या पाचांची तुलना करून हाती काही लागले नसते. पाचांनीही जे उच्चारले नाही, ते पाहिले तेव्हाच उलगडा झाला. ‘स्टार’च्या शेकडो पत्रलेखकांच्या बाबतीतही तेच म्हणता येते. त्यांनी ज्यांची नावे सुचवली त्यांपेक्षा ज्या एका वाक्यावर त्यांनी शंका घेतली नाही, ते वाक्य अभ्यासाला अधिक मोलाचे आहे.